स्वयंपाकघरातला सीन

शेरा लाल शाईत होता. "तुम्ही चित्रपट पूर्ण पाहिलात ना?" माझ्या बारा पानांच्या निबंधावर, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, एवढंच. आमच्या कॉलेजात वर्ग हिंदीत चालतो, निबंधही मी हिंदीतच लिहिला होता, पण समाजशास्त्राच्या मॅडम साताऱ्याकडून नोकरीसाठी इंदूरला आलेल्या आणि मी इथलीच मराठी, त्यामुळे आमचा दोघींचा कारभार मराठीत. म्हणूनच तो शेरा जास्त झोंबला. हिंदीत असता तर परका म्हणून सोडून दिला असता.

मला राग आला, आणि चांगलाच आला. मी चित्रपट दोनदा पाहिला होता! वर्गातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनी मोबाइलवर पळवत पळवत पाहिला असेल. मी एकोणपन्नासाव्या वर्षी, घर सांभाळून, वही घेऊन पाहिला होता.

इथे थोडं सांगायला हवं. एम.ए.चं दुसरं वर्ष मी तेविसाव्या वर्षी सोडलं, कारण लग्न ठरलं. सासरी सगळे म्हणाले, नंतर कर की. ते 'नंतर' यायला चोवीस वर्षं लागली. मुलगा नोकरीला लागला आणि मी पुन्हा नाव घातलं, पहिल्यापासून. आता शेवटचं सेमिस्टर होतं. प्रत्येकाने चिठ्ठीत निघेल तो चित्रपट घेऊन त्यावर निबंध लिहायचा आणि वर्गापुढे मांडायचा. माझ्या चिठ्ठीत एका बिघडलेल्या कुटुंबाचा चित्रपट निघाला. मांडणी शुक्रवारी होती. ती फसली तर डिग्री अडकणार. घरात कोणी तोंडावर काही बोललं नसतं, पण नवऱ्याने 'हिचा शौक' म्हणून पाहुण्यांना सांगायला सुरुवात केलीच होती. दुसऱ्यांदा अर्धवट सोडलेली बाई म्हणून मला राहायचं नव्हतं.

चित्रपटात एक रिटायर बाप आहे, दोन मुलगे आहेत, लग्न होऊन गेलेली एक मुलगी आहे. आठ दिवसांसाठी सगळे एका घरात जमतात. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणी कोणाशी बोलत नाही. सगळे निरोप आईमार्फत. बाबांना सांग, त्याला विचार, तिला म्हणावं. आई तो निरोप थोडा गोड करून पोचवते. आणि आठव्या दिवशी सकाळी ती पिशवी उचलते, बसमध्ये बसते आणि निघून जाते. चित्रपट संपतो.

मी यावर काय नाही लिहिलं! सत्तेची उतरंड लिहिली, पिढ्यांचा संघर्ष लिहिला, पुरुषी अहंकारावर तर अडीच पानं खर्ची घातली. आईबद्दल एक परिच्छेद होता आणि त्यात मी मोठ्या विद्वत्तेने म्हटलं होतं की तिचं घर सोडणं अचानक वाटतं, इथे पटकथा कमजोर पडते. मॅडमनी त्याच ओळीखाली रेघ मारली होती.

ठीक आहे म्हटलं, तिसऱ्यांदा बघू. रविवारी दुपारी हॉलमध्ये टीव्हीवर लावला. आम्ही चौघं. नवरा सोफ्यावर. यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते, ही गोष्ट आमच्याकडे दर पाहुण्याला ऐकावी लागते. पणजोबा म्हणे दिवसभर घोड्यावरून उतरत नसत. पणतू सोफ्यावरून उतरत नाही. त्यांच्या शेजारी मुलगा, मांडीवर लॅपटॉप. भिंतीशी खुर्चीवर सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. छत्रीबागेतलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो तरी त्यांनी आपली ती वेताची खुर्ची आणलीच. आणि दाराजवळच्या बिनपाठीच्या मोड्यावर मी, वही-पेन घेऊन. दाराजवळ का, तर उठायला सोपं पडतं.

नवऱ्याला गप्प बसून सिनेमा बघता येत नाही. "अरे यार, ऐसे घर में कौन रहता है? एकमेकांशी बोलत पण नाहीत!" असं म्हणून लगेच माझ्याकडे वळून, "तुझ्या लेकाला सांग, आवाज जरा कम कर म्हणावं." लेक त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेला. लेक म्हणाला, "आई, बाबांना सांग, रिमोट त्यांच्याचकडे आहे." मी दोन्ही निरोप पोचवले. हसूही आलं नाही, इतकी सवय.

अर्ध्यावर आल्यावर नवरा म्हणाला, "चला, आता जरा चहा टाक." मी उठले. माझ्यामागे नेहमीप्रमाणे सासूबाई उठल्या. आजवर मी चहाला उठले आणि त्या बसून राहिल्या, असं झालेलं नाही. त्या येतात, कप विसळतात, काही बोलत नाहीत. मी आलं किसायला घेतलं. हॉलमधून संवाद ऐकू येत नव्हते, नुसता भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं निसटतंय. मी ओरडून विचारलं, "काय चाललंय हो?"

"कुछ नहीं," नवऱ्याने तिकडून सांगितलं. "ती बाई किचनमध्ये आहे. तू आरामात ये."

किसणीवर माझा हात थांबला. मीही किचनमध्येच होते. शेजारी सासूबाई कप विसळत होत्या. आमच्या घरावर कोणी सिनेमा काढला असता, तर लोकांनी बरोबर याच वेळी चहा मागवला असता.

आठवून पाहिलं. पहिल्या वेळी मी याच ठिकाणी उठले होते, दुसऱ्या वेळीही. चित्रपटातली आई एकटी स्वयंपाकघरात शिरली, की आमच्या हॉलला वाटायचं आता काही होत नाहीये, चहा होऊन जाऊ दे. आणि मी चहा करायला जायचे. तीन वेळा चित्रपट पाहून मी त्या आईला एकटीला एकदाही पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दोघं कामावर गेले, सासूबाई पूजेला बसल्या, तेव्हा मी तो भाग एकटीने लावला. चार मिनिटांचा सीन. एक शब्द नाही. बाहेर भांडण पेटलंय. आई पाच ताटं काढते. मग चार परत ठेवते. उरलेल्या ताटात स्वतःला वाढते, तव्यावरची पोळी थेट ताटात घेते, तिच्यावर तूप सोडते, आणि स्टुलावर बसून जेवते. बाहेरून तीनदा हाक येते, "आई!" ती ओ देत नाही. दुसरी पोळी घेते. सावकाश जेवून उठते, ताट धुते, गॅस बंद करते. तिथून पुढे अख्ख्या चित्रपटात ती एकही निरोप पोचवत नाही. लोक सांगत राहतात, बाबांना सांग, त्याला विचार, आणि ती नुसती बघते. बाई घरातून तिथेच गेली होती, पिशवी नंतर उचलली. आणि मी लिहिलं होतं, अचानक!

मला रडू आलं. पाठोपाठ संताप आला, तो नवऱ्याचा नाही, माझा स्वतःचा. सव्वीस वर्षं ज्या कामाचं नाव कोणी घेत नाही ते काम मी केलं, आणि समाजशास्त्राच्या निबंधात त्याचं नाव मीही घेतलं नाही. अडीच पानं पुरुषी अहंकारावर लिहिली होती, आणि त्या पानांच्या मध्येमध्ये उठून चहा केला होता. ती रेघ मारलेलं पान ठेवून बाकीची अकरा फाडली. नवीन पाच लिहिली.

शुक्रवारी वर्ग भरलेला होता. ही पोरं मला आंटीजी म्हणतात. माझ्या बाकावर सांवेरहून रोज बसने येणारी एक मुलगी बसते, तिने लॅपटॉप जोडून दिला. मी प्रस्तावना केली नाही. गोष्ट थोडक्यात सांगितली आणि म्हटलं, आधी एक सीन बघू. तोच लावला.

पहिल्या मिनिटातच मागच्या बाकावर दोन मोबाइल निघाले. खिडकीजवळ कुजबुज सुरू झाली. देपालपूरचा एक मुलगा पाण्याची रिकामी बाटली घेऊन उठला आणि दाराकडे निघाला. माझ्या बाकावरची मुलगीसुद्धा पिशवीत काही शोधायला लागली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी चित्र थांबवलं.

"बैठो भिया," मी इंदुरी थाटात म्हटलं. "पानी बाद में. पहले बताओ, इस सीन में क्या हो रहा है?"

तो गोंधळला. "कुछ नहीं आंटीजी. खाना खा रही है."

"इसके पहले इस फिल्म में उसको खाते हुए किसने देखा?"

मोबाइल खाली गेले. मग माझ्या बाकावरची मुलगी पिशवी मांडीवर धरूनच हळू आवाजात म्हणाली, "मैंने तो मम्मी को घर में भी नहीं देखा."

त्यानंतर वर्गात मला कोणाला गप्प करावं लागलं नाही. मी सीन पहिल्यापासून लावला आणि चारही मिनिटं कोणी हललं नाही. मग मी बोलले. पहिल्या निबंधात काय चुकलं होतं ते आधी सांगितलं, रेघ मारलेली ओळ वाचून दाखवली, चहा, आलं, किसणी सगळं सांगितलं. घर बिघडतं ते भांडणांमुळे, असं आपण समजतो. पण ते इतके दिवस चालत कोणामुळे होतं, हे आपण बघतच नाही, कारण ती बाई दिसायला लागली की आपण उठून जातो. पंधरा मिनिटं दिलेली असताना मी चाळीस मिनिटं घेतली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. बाटलीवाला मुलगा शेवटपर्यंत तसाच तहानलेला बसून होता. संपल्यावर टाळ्या त्यानेच सुरू केल्या, मग सगळा वर्ग उभा राहिला.

मॅडम जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आता पूर्ण पाहिलात." सगळ्यांत जास्त गुण मला होते. मी सरळ सांगते, मला गर्व झाला. जिना उतरताना मी कठड्यावर हात ठेवला नाही. तेविसाव्या वर्षी सोडलेली गोष्ट मी हातात घेऊन चालले होते.

घरी सगळं सांगितलं तेव्हा नवरा आधी हसला. "कमाल आहे, म्हणजे माझा चहा आता सिलॅबसमध्ये आला!" मग तो सीन मला पुन्हा सांगायला लावला. रविवारी सकाळी स्वतःहून म्हणाला, "आज बाफले मी करतो." आमच्या माळव्यातले पुरुष सहलीला गेले की दाल-बाफले मोठ्या थाटात करतात, कणकेचे ते गोळे उकडून भाजण्यात त्यांना पराक्रम वाटतो. घरच्या गॅसवर मात्र यांनी ते कधी केले नव्हते. पसारा मांडला, मुलाला कामाला लावलं, पण बारापर्यंत दाल झाली, बाफले उकडून झाले; भाजायचे ते जेवायच्या आधी. मग मी टीव्ही लावला आणि जाहीर केलं, "आज पूर्ण बघायचा. कोणी उठायचं नाही."

तो सीन आला. चित्रपटातल्या आईने गॅस पेटवला तशा सासूबाईंनी सवयीने गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरला.

"आई, बसा. आज चहा नाहीये."

त्या बसल्या. पदर सारखा केला आणि पुढे वाकून बघत राहिल्या. पोळी ताटात पडली, तूप सुटलं, तिसरी हाक येऊन गेली. सीन संपला तेव्हा त्या टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "गरम खाल्लं गं तिनं."

नवऱ्याने रिमोट माझ्याकडे सरकवला.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

मी परत लावला. नवऱ्याने आणि मुलानेही परत पाहिला.

जेवायला टेबलावर आधी आम्ही दोघी बसलो. वाढायला नवरा होता. नुकतेच भाजलेले बाफले इतके गरम होते की सासूबाईंनी फुंकर घालत घालत कुस्करले, त्यावर तूप घेतलं, दाल घेतली. आमच्या घरात 'मीठ कमी आहे' हे वाक्य आधी सासरे म्हणायचे, त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा म्हणतो. सासूबाईंच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या जेवायला बसायच्या तोपर्यंत सगळ्यांची पानं उठलेली असायची, मग मीठ कमी असलं काय आणि जास्त असलं काय. त्यांनी पहिला घास घेतला, नीट चावला, आणि मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"दालमध्ये मीठ कमी आहे!"

नवरा पळी हातात घेऊन उभा होता. त्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा घास घेतला. मग तो वळला आणि मीठ आणायला आत गेला.