अळणी ताट, बिनबटणाचं यंत्र

मला पहिल्यांदा राग आला तो आईचा. चातुर्मासात आमच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, एक महाराज मुक्कामाला होते आणि आई रोज सकाळी प्रवचनाला जायची. एक दिवस ती आली, पाय धुतले, जेवायला बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "माझ्या आमटीत मीठ घालू नगंस. नियम घेतलाय." आमच्यात नियम घेणं नवीन नाही. कुणी महिनाभर तूप सोडतं, कुणी गूळ, कुणी आठवड्यातून एक दिवस मीठ. मी सहज विचारलं, किती दिवसांचा? ती म्हणाली, "तुझी सिगारेट सुटंपर्यंत."

बाई बहात्तर वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू, आणि मी सव्वीस वर्षं रोज एक पाकीट संपवणारा. सव्वीस वर्षांत ही मला एका शब्दानं बोलली नव्हती. आणि आता एकदम ही तऱ्हा!

"महाराजांनी मुदत विचारली नाही?"

"इच्यारली की. म्हातारपण हाय, मुदतीचा घ्या म्हणाले. मी म्हटलं, मुदत पोराच्या हातात हाय."

तळपायाची आग मस्तकाला गेली. ही काय रीत झाली? मला बोल, शिव्या दे, घराबाहेर काढ. पण रोज दोन वेळा माझ्यासमोर अळणी भाकरी मोडत बसायचं आणि वर चेहरा असा, की जणू काही झालंच नाही! मी ताट तसंच ठेवून उठलो, कोपऱ्यावर गेलो आणि सिगारेट पेटवली. ती सिगारेट मला अजून आठवते, कारण इतकी वाईट सिगारेट मी आयुष्यात ओढली नव्हती, आणि तिच्यानंतर लगेच दुसरीही ओढली.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम दिलं. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. तिथं मशीनसमोर उभं राहून दिवसभर ते चघळायचं, म्हणजे जबडा दुखायचा आणि उचक्या लागायच्या. गिऱ्हाईक माप सांगतंय आणि मी उचक्या देतोय. मग चिकटवायची पट्टी झाली. ती घामानं दुपारपर्यंत सुटायची आणि शर्टाच्या आत कुठंतरी जाऊन बसायची. एकदा तर पट्टी दंडावर आणि सिगारेट तोंडात अशा अवस्थेत मला बायकोनं पाहिलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

इकडं आई वाळत चालली. बोलणं मंद झालं, विचारलेल्या गोष्टीचं उत्तर उशिरा यायला लागलं. दीड महिन्यानं एका सकाळी बस्तीच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसली, तिला रिक्षातून घरी आणलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, सोडियम फार उतरलंय, गोळी मी बदलतो, पण मीठ खायलाच पाहिजे, या वयात हा खेळ नाही. आई म्हणाली, "नियम हाय." डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की मला रागच येतो, हा माझा जुना दोष आहे.

त्याच आठवड्यात इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले शाफ्ट टर्निंगला घेऊन आले. माझ्यापेक्षा जुने ओढणारे. त्यांच्या खिशात एक काळी कांडी दिसली. म्हणाले, "वर्ष झालं पावणं, सिगारेट शिवलो न्हाय. ह्येच्यावर हाय." मी ती हातात घेऊन उलटसुलट केली. आत बॅटरी, तार तापते, निकोटिनच्या पाण्याची वाफ होते, ती ओढायची. कळायला दोन मिनिटं लागली. मिळते कुठं विचारलं, तर ते इकडंतिकडं बघून हळू आवाजात बोलायला लागले.

कारण या यंत्रांवर आपल्या देशात बंदी आहे. विकायची नाहीत, आणायची नाहीत, साठवायची नाहीत. बंदी घालणाऱ्यांची कारणं मी वाचली आहेत. कॉलेजची पोरं फळांच्या वासाला भुलतात, हे मला मान्य आहे, मलाही एक मुलगी आहे. पण मग माझ्या वर्कशॉपपासून घरापर्यंतच्या टपऱ्या? तिथं सिगारेट सुटी मिळते, काडेपेटी दोरीला बांधलेली असते, पाकिटावर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो आणि त्या फोटोवर अंगठा ठेवून आम्ही पाकीट फोडतो. मारणारी वस्तू उजेडात, आणि तिच्यापासून पळायला बघणाऱ्या माणसानं मात्र चोरासारखं बोळात शिरायचं. हा कुठला न्याय? मी हे डॉक्टरांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "याचीही सवयच लागते, आणि वीस वर्षांनी काय होईल ते मला ठामपणे सांगता येणार नाही. मी लिहून देणार नाही. पण सिगारेट परत धरू नका." निदान खरं बोलले.

मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी मला नीट निरखलं, मग काउंटरखालून डबा काढला. एकेक नमुना काय वर्णावा! एकाला दिवे, एकाला पडदा, एकाला गाणं. आंबा, कलिंगड, लिची, स्ट्रॉबेरी. माझ्या पांढऱ्या मिशा दिसत असून मला स्ट्रॉबेरी दाखवतो! "पावणं, ह्यो घ्या," म्हणाला, "ह्यात समदं हाय." आणि मी घेतला.

इथं मला माझाच राग येतो. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय, की मशीनला जितके भाग कमी तितकी कटकट कमी. आणि स्वतः सगळ्यांत जास्त बटणांचं खेळणं उचलून आणलं. वाफ कमी-जास्त करायची दोन बटणं, मध्ये एक मोठं बटण, वर काचेचा पडदा. तिसऱ्या दिवशी ते खिशात गळलं. पाचव्या दिवशी बटण खिशातच दाबलं जाऊन आतला, पाणी शोषणारा कापूस जळाला आणि तोंडात जळक्या चिंधीची चव राहिली. नवव्या दिवशी, भर दुपारी, ऑर्डरची घाई असताना पडद्यावर काहीतरी लाल चमकलं आणि यंत्र मेलं. टपरी वीस पावलांवर होती. टपरीला ना चार्जिंग लागतं, ना बटण. मी एकामागून एक तीन ओढल्या. घरी गेलो तेव्हा आई अळणी भात कालवत होती.

दुसऱ्या दिवशी ते खेळणं त्या दुकानदाराच्या काचेवर आदळलं. बिल मागितलं. तो शांतपणे म्हणाला, "वस्तूच विकायची न्हाय, तर बिल कसलं पावणं?" खरंच होतं. तक्रार करायची कुणाकडं? पोलिसांकडं जाऊन सांगू, की मी बेकायदा घेतलेलं यंत्र नीट चालत नाही? मी ओरडत होतो आणि कव्हर घ्यायला आलेल्या दोन मुली बाहेर निघून गेल्या. मग मला सुचलं. "तू स्वतः काय ओढतोस, ते दाखव."

त्यानं नाराजीनं खिशातून काढलं. अंगठ्याएवढं रुंद, काळं, साधं. बटण नाही, पडदा नाही. ओढलं की चालू, थांबलं की बंद. खाली बॅटरी, वर पाण्याची कुपी, ती संपली की भरायची, खराब झाली की तेवढीच बदलायची. बाजूला एक खिडकी, पाणी किती उरलं ते बघायला. असली वस्तू हातात घेतली की कळतं, करणाऱ्यानं डोकं वापरलंय.

"मग हेच आधी का दाखवलं नाहीस?"

"ह्यो कोण घेत न्हाय. गरीब दिसतोय."

त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. माझे नऊ दिवस आणि आईच्या नऊ दिवसांचं मीठ या माणसाच्या 'गरीब दिसतोय'पायी गेलं होतं. मी तसलंच यंत्र आणि साधं पुदिन्याचं पाणी घेतलं आणि निघालो.

ते चाललं. तीन आठवडे मी सिगारेट शिवलो नाही. मी आजारी आहे का, असं टपरीवाल्यानं विचारलं. बाविसाव्या दिवशी सकाळी आईसमोर बसलो आणि म्हणालो, "आई, सुटली." तिनं माझा हात ओढून बोटांचा वास घेतला, शर्टाचा घेतला. मग बस्तीत गेली, महाराजांना सांगून नियम सोडून आली आणि मिठाची आमटी घेऊन पोटभर जेवली. बायको ओट्याकडं तोंड करून डोळे पुसत होती. मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि कांडी ओढली.

सांगितलं का नाही? कारण तिनं मीठ खायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, नियम सिगारेटीचा होता, सिगारेट सुटली, मग खोटं काय बोललो? पण खोटं नव्हतं तर मी दार का लावलं होतं?

एकोणीस दिवस गेले. एका रविवारी, दिवस कलल्यावर, मी गच्चीवर टाकीमागं ओढत होतो आणि आई वाळत घातलेली लुगडी काढायला वर आली. तिनं वाफ बघितली, माझ्या हातातलं बघितलं. "ह्ये काय?" मी सांगितलं. निकोटिन आहे तेही सांगितलं. ती लुगडी न घेताच खाली गेली.

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवतात. एकदा मावळला की दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. खाली तिचं ताट वाढलेलं होतं, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी. ती ताटासमोर बसली आणि हात मांडीवरच ठेवले. "एकोणीस दिस मीठ खाल्लंय मी," म्हणाली. "महाराजांस्नी खोटं सांगून आलो मी." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, आलो, गेलो.

आणि मी भडकलो. जे तोंडात येईल ते बोललो. "तुला कुणी सांगितलं होतं नियम घ्यायला? जीव देऊन मला सुधारणार होतीस? मेली असतीस तर? लोकांनी मला काय म्हटलं असतं?" शेजारची खिडकी उघडली, बंद झाली. आई ऐकत होती. बायकोनं डॉक्टरांचा कागद आणून तिच्यापुढं धरला. "आत्ती, हे बघा. मीठ बंद केलं तर परत चक्कर येईल," ती म्हणाली, मग माझ्याकडं वळून, "आणि तुम्ही वरडू नका. तुमच्या वरडण्यानं त्यांच्या पोटात काय जाणार हाय?"

खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. फार तर पंधरा मिनिटं उरली असतील.

आई म्हणाली, "मला एकच सांग. ह्ये तरी सुटणार हाय का न्हाय?"

उत्तर सोपं होतं. सुटणार, म्हटलं की ती जेवणार. बायकोही माझ्याकडं तेवढ्यासाठीच बघत होती. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण सगळ्यांवरचा राग काढून झाल्यावर आता माझ्याकडं दुसरं काही उरलंच नव्हतं.

"माहीत नाही, आई," मी म्हणालो. "सिगारेट सुटली. ती परत धरणार नाही. पण हे सुटेल का, कधी सुटेल, मला खरंच माहीत नाही."

तिनं एकदा भिंतीवरच्या उन्हाकडं बघितलं. मग ताट पुढं ओढलं आणि भाकरी मोडली.

"मग ह्ये तवाच सांगायचं न्हवतं व्हय?" आमटीत घास बुडवत ती म्हणाली. "तवाबी जेवलोच असतो की मी."