आमच्या ओटीवरचं शीतयुद्ध

रशिया आणि अमेरिका यांच्यातलं शीतयुद्ध आमच्या घरातल्या भातावरून सुरू झालेलं नव्हतं, ही गोष्ट मी आमच्या काकीला आजपर्यंत पटवू शकलेलो नाही.

चूक काकीची नाही. आमच्या कर्जतकडच्या भातशेतीच्या गावांत शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा दाणा. दुसरा अर्थ आम्हाला कधी लागलाच नाही. थंडीला आम्ही थंडीच म्हणतो. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर 'शीतयुद्ध' असं लिहिलं, तेव्हा एवढी मोठमोठी राष्ट्रं भातावरून भांडली याचं मलाही नवल वाटलं होतं. (तीन आठवडे मी त्याच समजुतीत टिपणं काढली. खरा अर्थ शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वहीत डोकावून कळला. सरांना विचारायची हिंमत नव्हती.)

पुढे त्याच विषयावर निबंध लिहून सोमवारी द्यायचा ठरला. निबंध नाही तर सरांची सही नाही, आणि सही नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. मी परीक्षेला बसणार हे बाबांनी गावात इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं, की मी बसलो नसतो तर त्यांना स्वतःला जाऊन बसावं लागलं असतं!

आता आमच्या घरातली परिस्थिती सांगतो. आई थोरली जाऊ, काकी धाकटी. मागल्या वर्षी भाताच्या झोडणीला आलेल्या माणसांच्या पंगतीत, सगळ्यांदेखत, आई काकीला म्हणाली, "अगं, शितं मोजून काय वाढतेस?" झालं! त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद आणि चुली दोन. काकांनी घराच्या मधोमध कारवीच्या काठ्यांची भिंत, म्हणजे कूड, उभा केला. कूड दारापर्यंत आला आणि कारवी संपली, म्हणून उरलेल्या जागेत गोणपाटाचा पडदा लावला. ओटी मात्र एकच राहिली. बाबा आणि काका रोज तिथे बसत, एकाच काडीवर दोघांच्या विड्या पेटवत, आणि कुणाच्याही बाजूने एक शब्द बोलत नसत.

निबंध रविवारी सकाळी पुरा झाला. अकरा पानं, सुवाच्य अक्षरात. मी तो ओटीवर घेऊन आलो, तेव्हा बाबा म्हणाले, "वाच रं मोठ्यानं. कालेजात काय शिकिवतात ते आमालाबी कळूं दे."

मी घसा खाकरून सुरुवात केली. "शीतयुद्ध."

पडद्यामागे भांडी घासायचा आवाज थांबला. मला तेव्हाच कळायला हवं होतं; पण स्वतःचं लिखाण वाचताना माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

"या युद्धात दोन्ही सत्ता एकमेकींवर उघड हल्ला करत नाहीत. मात्र त्या एकमेकींवर पाळत ठेवतात आणि एकमेकींविषयी अफवा पसरवतात."

काकांनी तोंडातली विडी काढून हातात धरली.

"लहान राष्ट्रांना खाऊपिऊ घालून आपल्या गटात ओढण्यात येते." (आदल्याच दिवशी काकीने माझ्या धाकट्या बहिणीला पदरभर बोरं दिली होती. हे मला नंतर आठवलं.)

"अखेर मधोमध भिंत उभारण्यात आली."

"आयकताय ना भावजी?" पडद्यामागून काकीचा आवाज आला. भावजी म्हणजे बाबा. मला वाटलं, काकीला निबंध आवडतोय. मी आवाज आणखी चढवला.

"आणि पलीकडच्या बाजूने लोखंडी पडदा लावण्यात आला!"

पडदा फाटकन बाजूला झाला. हात राखेने भरलेले, तरी थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर ओढून घ्यायला काकी विसरली नाही. पदर ओढता ओढताच ती कडाडली, "गोणपाटाचा हाय! लोखंडी कुटं दिसला रं तुला? डोळं हायत का खोबनी?"

"काकी, तो पडदा तसा नाय. तो... म्हणजे तो दिसत नाय."

"दिसत नाय? मंग वरीसभर मी काय उघड्यावर ऱ्हाते?"

एवढ्यात आई विळी सोडून बाहेर आली. "काय लिवलंयस रं माज्याबद्दल?"

"आई, तुझ्याबद्दल कायच नाय. हे रशिया नि अमेरिकेबद्दल हाय."

"मंग त्यात मी कोन?"

"कोणीच नाय."

"आसं कसं कोनीच नाय? घरातली थोरली मी!"

बाबांना वाटलं, आता आपण काहीतरी बोलावं. वर्षभर गप्प राहिलेल्या माणसाने असं एकदम बोलू नये. ते म्हणाले, "अगं, तू अमेरिका आसशील. ती मोठी हाय."

"ती रेशनवर लाल मिलो जवारी पाठवनारी? कोंबड्यांनीबी तोंड लावलं नाय त्याला! मी नाय अमेरिका."

"मंग मीबी नाय!" काकी म्हणाली.

अमेरिकेची जागा रिकामी राहिली. दोघीही रशिया झाल्या. माझ्या अकरा पानांत याला कुठे जागा नव्हती!

त्या दिवशी काकीचा भाऊ, बाबूमामा, सकाळच्या एस.टी.ने आला होता. तो खालापूरला एका सरकारी कचेरीत शिपाई. कागद कुठून कुठे जातो हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात फक्त त्याला कळायचं. त्याने शांतपणे विचारलं, "ह्यो कागद जानार कुटं?"

"कॉलेजात. उद्या सबमिट करायचा हाय."

'सबमिट' म्हणताच मामाचा चेहरा बदलला. "ताई, सबमिट झालं की त्याची फाईल व्हते. नि फाईल झाली की साहेबाच्या बापालाबी मागं घेता येत नाय."

काकीने माझ्या हातातली अकराच्या अकरा पानं ओढली, आत नेली आणि भाताच्या कणगीत खुपसून वर झाकण घातलं. "घरातली भांडनं सरकारात नेतोय! आता सबमीट कर कनगीला!"

निबंधाची दुसरी प्रत नव्हती. कच्चा खर्डा होता, पण तो मीच सकाळी आईला चूल पेटवायला दिला होता. (कागद वाया घालवू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं.) मी काकीच्या चुलीपाशी जाऊन बसलो. शीत म्हणजे थंड, हे तिला तीन प्रकारे समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "थंड शीत म्हंजे शिळा भात. म्हंजे मी पंगतीला शिळा भात वाढला आसं लिवलंयस? देवा रं!"

इथून पुढे मलाच नक्की काही समजेना.

शेवटी मामाने तोड काढली. "ताई, पोराचं वरीस जाईल. कागद दे त्याला. पन येका बाजूचा कागद चालत नाय. दोनी बाजूंचं म्हननं घाल म्हनावं."

काकी कबूल झाली. कणगीतून निबंध निघाला. मी ओटीवर मांडी घालून बसलो. उजव्या बाजूला आई, डाव्या बाजूला काकी, समोर मामा. बाबा आणि काका आपापल्या विड्यांसकट अंगणात निघून गेले.

"लिव," काकी म्हणाली. "दगडी उखळ माज्या म्हायेरचं. चुली येगळ्या झाल्या तवा जाऊबायनी ठेवून घेतलं."

"कधी मागितलंस गं?" आई उसळली. "तोंड उघडून मागितलं आसतंस तर दिलं नसतं?"

"बोलनं बंद व्हतं तर मागनार कशी?"

"मंग बोलायचं व्हतं!"

"तुमी बोलायचं व्हतं! थोरल्या ना तुमी?"

दोघी वर्षाने एकमेकींशी बोलत होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी खाली मान घालून लिहीत होतो. निबंधाची अब्रू राखायला मी काकीला रशिया केलं आणि आईला अमेरिका. (दोघींना वाचता येत नव्हतं. नाहीतर मी हे धाडस केलं नसतं.) 'रशियाचे उखळ अमेरिकेने परत केले नाही. अमेरिकेचे म्हणणे असे की, रशियाने ते मागितलेच नाही.' चार पानं वाढली. शेवटी मामाने दिव्याच्या काजळीत बोट बुडवून दोघींचे अंगठे काळे केले आणि निबंधाखाली उमटवून घेतले. "आता पक्का झाला," तो म्हणाला.

अंगठा लुगड्याला पुसता पुसता काकी मध्येच थांबली. "जाऊबाय, येक सांगा. भांडनं आपली. मार्कं ह्याला?"

"व्हय की गं!" आई म्हणाली.

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. पुढचा अर्धा तास त्या मला मिळून बोलल्या. मी घरात कसा बसून खातो इथपासून माझे केस किती वाढलेत इथपर्यंत त्यांचं सगळ्या बाबतींत एकमत झालं! दुपारी एकाच चुलीवर भात आणि सुकटीचं कालवण झालं. आईने उखळ स्वतः उचलून पडद्यापलीकडे नेऊन ठेवलं. मी निबंध पुन्हा उघडला आणि शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं : 'अशा प्रकारे शीतयुद्ध समाप्त झाले.'

सोमवारी निबंध दिला. आठ दिवसांनी तो परत आला. सरांनी सही केली होती, त्यामुळे बाबांची परीक्षा टळली. बाकी सगळीकडे तांबडी शाई होती. बाराव्या पानावर : 'उखळ नव्हे, उखळी तोफ. संदर्भ द्यावा.' अंगठ्यांशेजारी : 'हा करार कोणता?' आणि अगदी शेवटी, दोनदा अधोरेखित करून : 'शीतयुद्ध समाप्त झालेले नाही. विद्यार्थ्याचे निरीक्षण कच्चे आहे. पाच गुण वजा.'

हे मात्र मला लागलं. बाकीचं मी कबूल केलं असतं, पण निरीक्षण? शीतयुद्ध माझ्यासमोर, आमच्याच ओटीवर संपलं होतं! सर कर्जतला बसून मला काय सांगतात? दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहायचंच, असं मी वाटेवर ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी वाद घालणार होतो. काय बोलायचं ते पाठ करत करतच घरी पोहोचलो.

ओटीवर बाबा आणि काका विड्या ओढत गप्प बसले होते. आत आई पाठ फिरवून बसली होती. गोणपाटाचा पडदा खाली सोडलेला होता, आणि त्याच्यामागून काकी कुडाला ऐकवत होती :

"काई मान्सं उखळ देत्यात, नि मुसळ ठेवून घेत्यात!"

मी निबंध पिशवीतच राहू दिला. ते पाच गुण मागायला मी सरांकडे कधी गेलो नाही.