मधलं बोट

गाय बिथरली आणि तिच्या दाव्यात अडकून आमच्या ह्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. हे गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. आज पट्टी सुटली, तसे ते गोठ्याच्या दारात ट्रम्पेट घेऊन बसले. दोन बटणं दबली, मधलं दबेना. कासरा ओढणाऱ्या हातांनीच सूरही सांभाळायचे, हे किती अवघड, ते आजवर मनातच आलं नव्हतं.

“धार तरी काढता येईल,” मी म्हणाले.

“धार तूही काढतेस.”

मग त्यांनी बटणांवर डाव्या हाताची बोटं ठेवली आणि फुंकलं. सूर फाटला.

आतून सासूबाईंनी विचारलं, “वाजलं का रे?”

“वाजतंय,” ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पुन्हा फुंकू लागले.