समुद्राकडे पाठ केलेल्या खोल्या

देवपुरात माझं बांधकामाचे नकाशे काढायचं छोटं ऑफिस आहे. घरं, दुकानांचे गाळे, फार तर एखादं मंगल कार्यालय, इतकीच कामं. त्यामुळे वडिलांचे साक्रीचे मित्र, आमचे नाना, "बेटा, जावयाले कोकनमा पाहुण्यासाठे खोल्या बांधन्या शेत," म्हणाले तेव्हा मी हो म्हटलं आणि लगेच घाबरले. मला काठ माहीत तो आमच्या पांझरा नदीचा.

किनारा संरक्षित होता. भरतीच्या रेषेपासून किती मागे सरायचं ते नियमात होतं, तेवढं सोपं गेलं. सकाळी चुन्याने आखणी करून जावई आणि मी वाळूत उतरलो, तर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटलेला.

"कासवीण येऊन गेली," तिथं कासवांच्या अंड्यांची राखण करणारी बाई म्हणाली. "तुमच्या खिडक्यांचा उजेड इकडे आला, तर पिल्लं पाणी सोडून तुमच्याकडे चालतील."

मी खोल्या फिरवल्या, खिडक्या डोंगराकडे केल्या. आता खोल्या केवड्याच्या दाट जाळीवर आल्या, आणि किनाऱ्याची वाळू धरून ठेवली होती ती त्याच जाळीने. बाजूला सरकवल्या तर पावसाच्या पाण्याची वाट अडली. खोल्या नेमक्या कुणासाठी काढतेय, हेच मला कळेनासं झालं.

साक्रीला ओट्यावर नकाशा पसरला. नानांनी खिडक्यांवर बोट ठेवलं.

"समुद्र दिसाव नही, तं लोके तठे येतीन कसाले?"

मी कासवांचं सांगितलं.

"तू म्हनस ते बरोबर शे. मी म्हनस ते बी बरोबर शे. मंग चुकस कोन?"

मी नकाशा गुंडाळला.

शेवटी जांभ्या दगडाच्या तीनच बुटक्या खोल्या झाल्या, केवड्याच्या मागे. समुद्र नुसता ऐकू येतो. एक कुटुंब चिडून दुसऱ्याच दिवशी निघून गेलं. दुसरं त्याच अंधारासाठी मुक्काम वाढवून राहिलं.

परवा रात्री गेले तर ओसरीत ट्यूबलाइट. "पाहुणे अंधाराला घाबरतात," जावई म्हणाले. मी ती काढायला लावली. तेवढ्यात एक म्हातारी पाहुणी पायरी चाचपडत उतरताना पडता पडता वाचली. मी एक मिणमिणता दिवा पायरीलगत खाली लावून घेतला, समुद्राच्या बाजूने पुठ्ठा बांधला, आणि किनाऱ्यावर जाऊन पाहिलं. उजेड दिसत नव्हता. निदान मला तरी. कासवांना काय दिसतं, ते मला कसं कळणार?