आपल्या इहिरीचं पाणी
आई गेल्यावर गावचं घर आवरताना तिची जुनी चप्पल हाती लागली, आणि झटकल्यावर पट्ट्याच्या खाचेतून चिमूटभर पांढरी वाळू फरशीवर पडली. सात-आठ वर्षांपूर्वी मुलांबरोबर तिलाही मी विमानाने अंदमानला नेलं होतं. एका लहानशा बेटावर बोटीतून उतरलो, तर पायाखाली पिठीसाखरेसारखी वाळू, पुढे काचेसारखं हिरवं-निळं पाणी. आई पहिल्यांदाच समुद्र पाहत होती. मला वाटलं, हात जोडेल. तिने पातळ वर खोचलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि सरळ तोंडाला लावलं. “थुंक ते आई, लोक पाहून राहिले,” मी ओरडलो. तिने घोट गिळला. “थुंकू कायले? आपल्या इहिरीचंच तं पाणी हाय हे, जरासं जास्त खारं. एवढ्या दूर कायले आणलं रे मले?” बोटवाला हसला, मुलं हसली, मीही हसलो. आमचं गाव अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं; गावच्या विहिरीचं ते खारट पाणी ती लग्न होऊन आल्यापासून पीत होती. मी बाटली पुढे केली, तर दोनच घोट घेऊन तिने परत दिली. “गोड हाय. ठेव, पोराईले होईन.” पुढे तिच्या किडन्या गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी आधी पाण्याचंच विचारलं. अमरावतीला माझ्या घरी नळाला गोड पाणी येतं. तिथे दिवाळीचे चार दिवस सोडले, तर मी तिला कधी ठेवून घेतलं नाही.