हात हुंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सभेत नाही, घरी नाही, दोन घोट जास्त झाल्यावरही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आमचं पत्रक कदाचित तुमच्याही हातात आलं असेल — आणि वाचून तुम्ही चिडलाही असाल. ते मीच लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. अडचण तीच आहे.

पत्रक एका व्हिडिओ गेमविरुद्ध होतं. आजोबांच्या पिढीने चवीने वाचलेली एक जुनी गुन्हेकथा, तिच्यावरून बेतलेला गेम. तुम्ही इन्स्पेक्टर व्हायचं आणि पत्र्यांवरून उड्या मारत चोराच्या मागे धावायचं. चोर भटक्या जमातीतला. का? तर मूळ कथेत तसा होता म्हणून. तो सापडला की इन्स्पेक्टर त्याची मान दाबून म्हणतो, "हात हुंग. आज्याचा वास येतोय का बघ." म्हणजे चोरी तुमच्या रक्तातच. एवढं ऐकवलं की पुढची लेव्हल उघडली. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पोरं हे वाक्य एकमेकांना ऐकवून हसायची.

सोनाली आमच्या संघटनेतली. त्याच जमातीतली. तिचे वडील कात्रजला रस्त्याकडेला चाव्या बनवतात. आसपास घरफोडी झाली की पोलीस आधी त्यांना उचलतात. एकदा चौकीत त्यांना स्वतःची ओंजळ नाकाशी धरायला लावली — आणि हेच वाक्य ऐकवलं. शब्दन् शब्द हेच. घराबाहेर ते कुणाला माहीत नव्हतं. सोनालीने फक्त मला सांगितलं होतं, भिंतीवर पोस्टर चिकटवताना, हात खळीने भरलेले असताना.

मग ते गेममध्ये गेलं कसं?

तिला वाटलं, किरणमुळे. किरण तिचा भाऊ. त्याच कंपनीत गेम खेळून चुका शोधायचं काम करायचा. तो शपथा घेत राहिला. वडील एवढंच म्हणाले, "बापाची लाज विकलीस." किरणने नोकरी सोडली, तरी घर सुटलंच. वडिलांनी कुलूप बदललं.

मी तिथेच बसलो होतो. चहा पीत. बोलता आलं नसतं? आलं असतं. एकच वाक्य तर होतं.

कारण — थांबा, सरळ सांगतो. त्या गेमचे मराठी संवाद मी लिहिलेत. किरण तिथे लागायच्या आधीच. पोलिसाला नायक करणारा गेम. संघटनेत तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून माझं नाव कुठे येऊ देऊ नका, हे मीच कंपनीला बजावलं होतं. कंपनीच्या कोथरूडच्या ऑफिसात माझा पहिला खर्डा वाचून तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमचा इन्स्पेक्टर सभेत बोलतोय. त्याला जरा चौकीत बोलू द्या की." सगळे हसले. मला ते झोंबलं — एवढंच. एवढ्यावरून मी दुसऱ्या दिवशी सोनालीच्या वडिलांना ऐकवलेलं वाक्य त्यात घातलं. सगळ्यांनी ते वाचलं. मग मॅडम म्हणाल्या, "हे खरं वाटतं." मला आनंद झाला. तो आनंद अजून आठवतो. यात सगळ्यात घाण काही असेल तर ते हेच.

आणि पत्रक? त्यातली पहिली मागणी होती — 'हे संवाद लिहिणाऱ्याचं नाव जाहीर करा.' ती मागणी माझीच. सोनालीने वाचून माझा हात घट्ट धरला. कंपनीने नाव दिलं नाही. मला हायसं वाटलं — आणि त्याच संध्याकाळी कंपनीच्या लपवाछपवीवर मी भाषण ठोकलं. टाळ्याही घेतल्या.

किरण आता वारज्याला मित्रांच्या खोलीवर राहतो. आईला भेटायचं तर रस्त्यात भेटतो. पत्रकांचे गठ्ठे सोनालीच्या घरी असतात, मला सारखं जावं लागतं. म्हणून नव्या कुलपाची एक चावी वडिलांनी मला घासून दिली. "तू घरचाच," म्हणाले.

संवाद मी लिहिले. किरणने कुणाला काही सांगितलं नव्हतं. चावी माझ्याकडे आहे.