पाठमोरं डोकं

चिमटीताईंना खरं नाव होतं, पण ते दुकानाच्या परवान्यावरच राहिलं. खुर्चीत बाई बसली की त्या आधी कात्री उचलत नसत. सगळे केस मागे गोळा करायच्या, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "दाट आहेत, पण तार बारीक." किंवा, "मुळातच विरळ. वाढवून वाढायचे नाहीत. मी कापून भरल्यासारखे दाखवते." बत्तीस वर्षांत हा निकाल कुणी फिरवला नव्हता. वाद घालणाऱ्या बाईला त्या सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायच्या.

नट्यांच्या केसांवर तर त्यांचा विशेष राग. कुणी मोबाइलमधला फोटो पुढे करून "अगदी असेच हवेत" म्हटलं की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा. "हे केस हिचे नाहीतच. कानामागे बघ, जोडलेत. तीन बायकांचे केस एका बाईच्या डोक्यावर! आणि हे उडतायत ना, त्यासाठी समोर एक माणूस पंखा धरून उभा असतो. तुझ्यासमोर कोण उभं राहणार, नवरा?" सगळं दुकान हसायचं. हसवून झालं की आवाज खाली आणून त्या हमखास म्हणायच्या, "पातळ केस म्हणजे काही गुन्हा नाही गं."

हे त्या कुणाला समजावत, ते एकाच माणसाला ठाऊक होतं. चिमटीताईंचे स्वतःचे केस पंचविशीतच गळाले होते. दुकानात डोक्याला सदा रुमाल. रविवारी दुकान बंद असलं की आतून कडी घालून तो रुमाल सुटायचा आणि धाकटी बहीण ब्रशने रंग लावून द्यायची. आई गेल्यावर धाकटीला त्यांनीच लहानाचं मोठं केलं, तिच्या हातात पहिली कात्री त्यांनीच दिली. तिच्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसायचं, हा त्यांचा आठवड्यातला एकमेव विसावा. कितीदा तर त्या तशाच पेंगायच्या.

दोन महिन्यांपूर्वी चौकात काचेचं मोठं सलून उघडलं आणि धाकटी तिथे नोकरीला लागली. ताईंना लागलं, पण बोलल्या नाहीत. पोरगी पुढे जाते आहे, आपण कशाला आडवं यायचं? धाकटीनेही रविवार कधी चुकवला नाही.

बुधवारी एक नर्स केस कापायला आली. येताना त्या सलूनचं पत्रक घेऊन आली. वर एका नटीचा झुलत्या केसांचा फोटो आणि खाली दोन पाठमोरी डोकी. एकावर 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'.

"ताई, चार आठवड्यांत होतात का हो असे केस?"

चष्मा खाली आला. बाकावरच्या बायकाही सरसावून बसल्या.

"नंतरचं खोटं. ही बाईच वेगळी आहे, तार बघ ना. पण आधीचं शंभर टक्के खरं हो! हा काय भांग आहे? पायवाट आहे पायवाट! अशा डोक्यापुढे देवानेही हात टेकले असते. ही बाई जन्मभर डोकं झाकूनच फिरत असणार."

बायका खो खो हसल्या. ताईही हसल्या. मग त्यांची नजर फोटोत खाली, मानेवर गेली. एप्रनच्या तुटलेल्या पट्टीच्या जागी तिथे बुटाची निळी नाडी बांधलेली होती. दोन गाठी मारून.

त्यांचा हात आपोआप स्वतःच्या मानेमागे गेला. नाडी होती. गाठीही दोनच होत्या.

हजारो बायकांना त्यांनी हातआरसा धरून त्यांचं मागचं डोकं दाखवलं होतं. पाठमोरी बाई रस्त्यात दिसली तरी त्या ओळखायच्या. स्वतःचं डोकं मात्र त्यांनी कधी मागून पाहिलंच नव्हतं, धाकटी बघत होती ना! त्यांनी पत्रक घडी करून खिशात टाकलं आणि नर्सचे केस कापले. कात्री एकदाही चुकली नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा हात त्यांनीच घडवला होता.

रविवारी धाकटी आली, कडी घातली, वाटीत रंग कालवू लागली. ताईंनी तिच्यासमोर पत्रक ठेवलं.

धाकटीचा ब्रश थांबला. "चेहरा कुठे दिसतोय, ताई? कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा नाही. भर दुकानात मी त्या बाईला हसले."

"त्यांना विरळ केसांचा फोटो हवा होता. माझ्याकडे होता, दिला." मग मान वर करून ती म्हणाली, "तूच म्हणतेस ना, पातळ केस म्हणजे गुन्हा नाही!"

हे मात्र ताईंच्या वर्मी लागलं.

"नाहीच गुन्हा," त्या म्हणाल्या. "विचारलं असतंस तर रुमाल सोडून मी चौकात उभी राहिले असते. तू माझा डोळा लागायची वाट बघितलीस."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं. बस ना आता, रंग सुकतोय."

ताईंनी तिच्या हातातून वाटी घेतली. रुमाल सोडला, मोठ्या आरशाकडे पाठ केली आणि डाव्या हातात हातआरसा धरला. त्यात ते डोकं दिसलं, पत्रकातलंच. उजव्या हाताने त्या चाचपडत ब्रश फिरवू लागल्या. रंग कानावर आला, मानेवर ओघळला, नाडीलाही लागला.

"ताई, मागचं राहतंय. दे इकडे, मी लावते."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडे पाठ करून बसणं आता मला जमायचं नाही."